बॅच फाइल अडते कोठे?

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज घेण्याची मुदत संपून दोन दिवस झाले असतील. मी शाळा सुटल्यावर कचेरीत गेलो तेव्हा एक बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या मुलीचा अर्ज त्यांनी स्वतः आणून दिला होता, पोचही घेतली होती. आणि छाननी समितीपुढे जाणाऱ्या यादीत मात्र मुलीचे नाव नव्हते. कचेरीतील तरुण कारकुनाचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "सर, मी अर्ज स्कॅन केला, फाइल त्या चित्रावर नेऊन टाकली. काळी खिडकी उघडली आणि मिटली. मला वाटले, काम झाले."

चिटणीसांनी माझ्याकडे पाहिले व म्हटले, "मास्तर, ती खिडकी तुमची. आता तुम्हीच बघा."

आम्ही कागदी अर्जांची चळत व यंत्रातील यादी समोरासमोर ठेवून मोजली. एक नव्हे, चार अर्ज गहाळ होते. चारही विद्यार्थी गरजू आणि चारही अर्ज बिनचूक भरलेले. यंत्र एकदा चुकत असते तर समजू शकते. पण बाकीचे अर्ज जागच्या जागी आणि हे चारच नाहीत, असे का व्हावे? याचा शोध घेताना जे उलगडत गेले, ते सभासदांस व विशेषतः घरी किंवा दुकानात असल्या युक्त्या वापरणाऱ्या तरुण मंडळींस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे. एक खुलासा आरंभीच करतो. यंत्राच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत व इंग्रजी आकड्यांत टंकावयाच्या असतात. येथे छपाईच्या सोयीसाठी त्या उच्चाराप्रमाणे मराठीत दिल्या आहेत.

प्रथम बॅच फाइल म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. लग्नघरी आचाऱ्याच्या हाती आपण एक यादी देतो: आधी डाळ भिजवा, मग मसाला वाटा, मग अमुक करा. आचारी ती यादी वरून खाली वाचीत जातो आणि त्याप्रमाणे करतो. विंडोज यंत्रातील बॅच फाइल ही अशीच साध्या अक्षरांत लिहिलेली आज्ञांची यादी होय. तिच्या चित्रावर दुसरी एखादी फाइल ओढून सोडली, की ती यादी चालू होते आणि सोडलेल्या फाइलीवर नेमून दिलेले काम करते. आमच्या यादीचे काम अगदी साधे होते. स्कॅन केलेला अर्ज उचलून दुसऱ्या डिस्कवरील अर्जांच्या फोल्डरमध्ये त्याची प्रत ठेवावी, एवढेच.

येथेच पहिला व सर्वांत मोठा गैरसमज होतो. आपल्याला वाटते की आपण यादीच्या हाती फाइल दिली. वस्तुतः फाइल जागची हलतही नाही. यादीला मिळते ते फाइलीचे नाव, म्हणजे ती कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरात, कोणत्या नावाने आहे तो पत्ता. तोही केवळ एका ओळीतला मजकूर म्हणून. या सोबतच्या मजकुराला इंग्रजीत आर्ग्युमेंट म्हणतात. वकिलांच्या वादाशी त्याचा संबंध नाही. यादी त्या ओळीचे तुकडे पाडते. पहिल्या तुकड्याला टक्क्याची खूण व एक (%१), दुसऱ्याला %२, असे %९ पर्यंत म्हणते. शून्य म्हणजे ती यादी स्वतः. आणि हे तुकडे यादीतील पहिली आज्ञा चालण्यापूर्वीच पडून गेलेले असतात. म्हणून यादी कितीही बरोबर लिहिली असली, तरी तिच्या हाती अर्धे नाव आले असेल तर ती अर्ध्या नावाचीच फाइल शोधणार आणि 'अशी फाइल नाही' म्हणणार.

तुकडे कोठे पडतात? जेथे रिकामी जागा दिसेल तेथे. 'अब्दुल रहीम' हे एक नाव आहे. त्याचा अर्थ 'दयाळू परमेश्वराचा सेवक' असा. मध्ये कापले तर 'अब्दुल' म्हणजे नुसते 'अमक्याचा सेवक', आणि कोणाचा ते कळतच नाही. पुष्कळ माणसे बोलताना हा अन्याय करतात, त्यास यंत्र अपवाद नाही. 'जनरल बाजार', 'जेम्स स्ट्रीट' अशी नावे फोल्डरांना दिलीत तर त्यांचीही तीच गत.

असे का केले असेल, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे कारण इतिहासात आहे. ज्या डॉस प्रणालीतून ही पद्धत आली ती १९८१ सालची. त्या काळी फाइलीचे नाव आठ अक्षरांचे व त्यापुढे तीन अक्षरांचे शेपूट, एवढेच असे. नावात रिकामी जागा ठेवण्याची चालच नव्हती. तेव्हा रिकाम्या जागेवर कापणे हा सरळ नियम होता. पुढे १९९५ साली विंडोज ९५ आले आणि घरोघरच्या यंत्रांवर लांबलचक, मोकळ्या जागांची नावे चालू लागली. नावे सुधारली, पण कापण्याचा नियम जुना राहिला. दोहोंमधील तडजोड म्हणून दुहेरी अवतरणचिन्हे वापरावी असे ठरले. अवतरणचिन्हांच्या जोडीत जे असेल ते एकसंध मानावयाचे. ही निवड सोयीची होती, कारण विंडोजमध्ये फाइलीच्या नावात जी नऊ चिन्हे चालत नाहीत त्यांत दुहेरी अवतरणचिन्ह आहे. सबब, नावाच्या आत ते कधीच सापडणार नाही आणि पिशवीचे तोंड मध्येच उघडणार नाही.

आता आमच्या यादीकडे वळू. ती लिहिताना मी प्रतीच्या आज्ञेत %१ भोवती अवतरणचिन्हे घातली होती, आणि त्याबद्दल मनातून थोडा संतुष्टही होतो. पहिल्या वर्षी सगळे सुरळीत चालले, कारण तेव्हा फाइलींची नावे नुसते क्रमांक होती. नंतर नावे घालण्यास सुरुवात झाली आणि मोकळ्या जागा असलेली नावे अडू लागली. त्याचे कारण मला पुष्कळ उशिरा कळले. आपण फाइल ओढून सोडतो तेव्हा विंडोज स्वतःच, पत्त्यात मोकळी जागा दिसली तर, त्याला अवतरणचिन्हे घालून देते. त्याची एक जोडी आणि माझी एक जोडी. परिणामी आरंभीची दोन चिन्हे एकमेकांना मिटवून मोकळी झाली आणि नाव उघड्यावर पडले. उपाय अगदी छोटा आहे. %१ च्या ऐवजी %~१ असे लिहावे. मधली नागमोडी खूण म्हणजे 'बाहेरून आलेली अवतरणचिन्हे असतील तर काढून टाक'. मग आपली जोडी आपण भोवती घालावी. आलेले वेष्टन काढून स्वतःचे घालणे, हा नियम एकदा अंगवळणी पडला की निम्मे दोष नाहीसे होतात.

परंतु त्या वेळी मला हे ठाऊक नव्हते. मी शिक्षकी खाक्याने फर्मान काढले की यापुढे फाइलीच्या नावात मोकळी जागा ठेवावयाची नाही. कारकुनाने ते इमानेइतबारे पाळले. पण आडनाव व नाव वेगळे दिसावे म्हणून त्याने मध्ये स्वल्पविराम टाकला: समजा, 'कुलकर्णी,वसंत'. आपल्या सर्व जुन्या नोंदवह्यांत नावे अशीच आहेत, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. आणि येथेच चार अर्ज बुडाले. बॅच फाइल ओळ कापते ती केवळ मोकळ्या जागेवर नव्हे. स्वल्पविराम, अर्धविराम आणि बरोबरीचे चिन्ह यांवरही कापते. पत्त्यात मोकळी जागा नसल्याने विंडोजने अवतरणचिन्हे घातली नाहीत. ती नसल्याने स्वल्पविराम उघडा राहिला. पहिला तुकडा 'कुलकर्णी' पाशी संपला आणि त्या नावाची फाइल अर्थातच नव्हती. ज्यांच्या नावात त्याने जोडरेघ घातली होती ते अर्ज पोचले. रोग होता त्याहून औषध वाईट ठरले, व ते औषध माझे होते.

हे उमगले कसे, तेही सांगण्यासारखे आहे. कारण दोष शोधण्याची रीत अशा प्रत्येक प्रसंगी तीच असते. पहिली अडचण अशी की खिडकी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मिटते आणि तक्रारीचा मजकूर तिच्याबरोबर जातो. म्हणून यादीच्या अखेरीस 'पॉज' ही आज्ञा घातली. तिच्यामुळे कळ दाबीपर्यंत खिडकी उघडी राहते. कधी कधी यादी अखेरपर्यंत पोचतच नाही, मध्येच मरते. तेव्हा 'पॉज'चाही उपयोग होत नाही. अशा वेळी आधी आज्ञांची खिडकी वेगळी उघडावी आणि तिच्यात यादीचे व फाइलीचे नाव टंकून यादी चालवावी. मग यादी मेली तरी खिडकी जिवंत राहते. मात्र टंकताना अवतरणचिन्हे आपण घालतो, ओढून सोडताना विंडोज घालते. दोन्ही रीतींचा निकाल निराळा येऊ शकतो हे ध्यानात ठेवावे. आमच्याकडे हाताने टंकलेले नाव नेहमी चालत असे आणि ओढलेले अडत असे. एक अख्खी संध्याकाळ त्या घोळात गेली.

दुसरी पायरी महत्त्वाची. यादीने काय करावे हे पाहण्याआधी तिच्या हाती काय आले ते पाहावे. 'एको' या आज्ञेने %१, %२, %३ हे तुकडे एकेका ओळीवर चौकटी कंसांत छापून घ्यावेत. कंस अशासाठी की कडेला लपलेली मोकळी जागा दिसावी. आम्ही हे केले आणि पहिल्या कंसात 'कुलकर्णी' व दुसऱ्यात 'वसंत' असे दिसताच कारकून एकदम म्हणाला, "सर, हे तर माझ्या स्वल्पविरामाने कापले!" वर्गात गणित चुकलेल्या मुलाचे उत्तर खोडण्यात अर्थ नसतो, त्याने उदाहरण कसे उतरवून घेतले ते आधी पाहावे लागते. पुष्कळदा चूक तेथेच असते.

तिसरे असे की चाचणी साध्या नावापासून करावी आणि एका वेळी एकच विचित्रपणा वाढवीत जावे. आधी क्रमांकाची फाइल, मग मोकळी जागा, मग स्वल्पविराम, मग कंस, मग '&' हे चिन्ह. सगळे विचित्रपण एकाच नावात कोंबले तर कोणामुळे अडले ते समजत नाही.

'&' या चिन्हाबद्दल मुद्दाम सांगतो, कारण ते नुसते अडवत नाही, दगाही देते. आपल्या देणगीदारांत कितीतरी पेढ्या आहेत, आणि 'अमुक & सन्स' असे लिहिण्याची रीत रानीगंजपासून मोंडा बाजारापर्यंत सर्वत्र आहे. बॅच फाइलीच्या भाषेत या चिन्हाचा अर्थ 'आणि आता पुढची आज्ञा' असा आहे. ते अवतरणचिन्हांच्या बाहेर सापडले, की यंत्र अलीकडचा भाग नाव समजते आणि पलीकडचा भाग आज्ञा समजून चालवू पाहते. 'सन्स' नावाची आज्ञा नसल्यामुळे आपल्याला फक्त एक तक्रार दिसते. परंतु तेथे खरोखरीच पुसून टाकण्याची आज्ञा असती तर? आता अर्ज टपालाने कमी व ई-मेलने जास्त येतात. म्हणजे फाइलीचे नाव कोणी परक्याने ठेवलेले असते. परक्याने ठेवलेले नाव उघड्या ओळीत सोडणे म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या ओसरीवर ठेवण्यासारखे आहे. एप्रिल २०२४ मध्ये याच प्रकाराने जगातील जाणत्या मंडळींचीही धावपळ उडाली. रस्ट या संगणकभाषेतून बॅच फाइल चालविताना सोबतचा मजकूर पुरेसा बंदिस्त होत नाही, असे उघडकीस आले. त्या दोषाला गांभीर्याचे दहापैकी दहा गुण देण्यात आले आणि दुरुस्त आवृत्ती लागलीच काढावी लागली. इतरही काही भाषांत तोच दोष निघाला.

आणि मोकळ्या जागेने केलेला याहून जुना घात २००१ सालचा आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात ॲपल कंपनीने मॅकिंटॉश यंत्रांसाठी आयट्यून्सची दुसरी आवृत्ती काढली. ती बसविणाऱ्या आज्ञायादीत जुनी प्रत पुसण्याची एक ओळ होती, आणि डिस्कचा पत्ता त्या यादीला सोबतचा मजकूर म्हणूनच मिळत असे. पत्त्याभोवती अवतरणचिन्हे नव्हती. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती त्यांच्याकडे नाव कापले गेले आणि 'जुनी प्रत पूस' या आज्ञेचा अर्थ भलत्याच डिस्कवरील सर्व काही पूस असा झाला. कित्येकांची कामे नाहीशी झाली. कंपनीने ती आवृत्ती मागे घेऊन नवी दिली; दुरुस्ती काय, तर एक अवतरणचिन्हांची जोडी. सुदैवाने आमच्या यादीत पुसण्याची आज्ञाच नव्हती. त्यामुळे चारही अर्ज स्कॅनच्या फोल्डरात जसेच्या तसे सापडले व समितीपुढे वेळेवर ठेवता आले. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. प्रत जागेवर पोचली आहे हे 'इफ एक्झिस्ट'ने तपासल्यावाचून मूळ फाइलीला हात लावावयाचा नाही.

मग नव्या यादीची वेळ आली. आता स्वल्पविराम व '&' यांना आवर कसा घालावा? यादी कितीही सुधारली तरी कापाकापी तिच्या आधी होऊन जाते, हे वर सांगितलेच आहे. युक्ती सापडली ती गमतीची आहे. विंडोज अवतरणचिन्हे घालते ती पूर्ण पत्त्यात मोकळी जागा असली तर. तेव्हा स्कॅनच्या फोल्डराचे नावच आम्ही दोन शब्दांचे केले: 'आलेले अर्ज'. आता फाइलीचे नाव कसेही असो, पत्त्यात एक मोकळी जागा हमखास असते, विंडोज अवतरणचिन्हे घालतेच, आणि त्यांच्या आत स्वल्पविराम, '&' सर्व सुखरूप राहतात. ज्या मोकळ्या जागेला मी हद्दपार केले होते तीच पहारेकरी झाली! अर्थात यादीच्या आतही प्रत्येक ठिकाणी "%~१" असे अवतरणचिन्हांतच लिहावे लागते; 'एको'ने छापतानासुद्धा.

कंसांचा त्रास त्यातलाच. भ्रमणध्वनीवरून तेच नाव दोनदा उतरवून घेतले की फाइलीपुढे आपोआप (१), (२) लागते. यादीतील 'इफ'च्या आज्ञाही कंसांत बांधलेल्या असतात, आणि उघडे नाव त्यात आले की नावातला कंस आज्ञेचा कंस बंद करून टाकतो. औषध तेच, अवतरणचिन्हे.

आमच्या कारकुनाला पाच-सहा फाइली एकदम ओढण्याची सवय होती. जुनी यादी फक्त %१ पाहत असे. बाकीच्या मुकाट्याने वगळल्या जात. आता यादी एक फाइल संपवते, 'शिफ्ट' या आज्ञेने सर्व तुकडे एकेक घर पुढे सरकवते व "%~१" रिकामे होईपर्यंत पुन्हा वर जाते. येथे एक बारीक खोच आहे. नुसत्या 'शिफ्ट'ने शून्य क्रमांकाचे घरही सरकते, म्हणजे यादी आपला स्वतःचा पत्ता विसरते. म्हणून तो पत्ता, ज्याला %~डीपी० म्हणतात, आरंभीच लिहून ठेवावा. हा पत्ता लागतो तरी कशाला? आम्ही प्रत्येक अर्जाची नोंद एका वहीत, म्हणजे एका साध्या फाइलीत, करू लागलो. पण ती वही यादीच्या शेजारी न उमटता भलत्याच फोल्डरात उमटत असे. यादी जेथे ठेवली आहे तेथेच बसून ती काम करते असे नाही. तिला विशेष अधिकाराने चालविली तर ती विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात जाऊन बसते. म्हणून पहिल्याच ओळींत 'पुशडी'ने तिला आपल्या घरी आणून बसवावे.

शंभर फाइली एकदम ओढू नयेत, हेही सांगून ठेवतो. आज्ञेची ओळ ८,१९१ अक्षरांपेक्षा लांब होऊ शकत नाही. एकेक पत्ता ९० अक्षरांचा धरला तर सुमारे ९० फाइलींतच ती भरते. एवढे काम असेल तर फाइली न देता त्यांचे फोल्डर द्यावे. यादीने आत शिरून एकेक उचलावी.

आता आपल्या लिपीची गोष्ट. आमच्याकडे अर्ज येतात ते मराठी, उर्दू, तेलुगू व इंग्रजी अशा चारही लिप्यांतील नावांचे. सिकंदराबादेत त्यात नवल नाही. पहिल्यांदा काळ्या खिडकीत मराठी नावाच्या जागी चौकोनांची रांग पाहून मी घाबरलो. पण ती भीती व्यर्थ होती. यंत्राच्या आत नाव शाबूत असते, खिडकीला ते रंगवता येत नाही एवढेच. प्रत बरोबर होते. उर्दू नावाचा पत्ता तर डोळ्यांना अगदी उलटापालटा दिसतो, कारण ती अक्षरे उजवीकडून मांडली जातात; तरीही साठवण्याचा क्रम योग्यच असतो. जे दिसते त्यावरून निकाल देऊ नये, फोल्डर उघडून पाहावे.

खरा घोटाळा झाला तो मी हौसेने यादीच्या आतच फोल्डराचे नाव मराठीत लिहिले तेव्हा. तोवर ते इंग्रजी अक्षरांत होते; मी 'अर्ज' असे केले. चाचणीसाठी पाच फाइली ओढल्या. प्रत्येक वेळी 'एक फाइलीची प्रत झाली' असा शुभ समाचार आला. आणि अर्जांचे फोल्डर रिकामे! शोधता शोधता डिस्कवर ग्रीक अक्षरांसारख्या अगम्य नावाची एकच फाइल सापडली व तिच्यात फक्त पाचवा अर्ज होता. झाले होते असे: नोटपॅडने यादी यूटीएफ-८ या पद्धतीने जतन केली, आणि आज्ञांच्या खिडकीने ती जुन्या तक्त्याप्रमाणे वाचली. 'अर्ज'चे झाले भलतेच काही. तसे फोल्डर नव्हते. तेव्हा 'कॉपी'ला वाटले की प्रतीलाच ते नाव द्यावयाचे आहे. बॅच फाइलीत 'कॉपी' जुन्यावर नवे लिहिताना परवानगीही विचारीत नाही. पाचही अर्ज एकावर एक लिहिले गेले. हा दोष मला स्वल्पविरामाहून भयंकर वाटतो, कारण येथे तक्रार नाहीच, उलट यशाची ग्वाही आहे. यावर दोन उपाय केले. एक, यादीत मराठी मजकूर येण्याआधी 'सीएचसीपी ६५००१' ही आज्ञा लिहिली, म्हणजे खिडकी यूटीएफ-८ वाचू लागते. दुसरे, फोल्डराच्या नावाअखेर उलटी तिरकी रेघ घातली. मग तसे फोल्डर नसेल तर 'कॉपी' नवी फाइल न करता रीतसर तक्रार करते. जतन करताना 'बीओएम'सह असा पर्याय मात्र निवडू नये. त्याने आरंभी तीन अदृश्य बाइट चिकटतात आणि पहिलीच आज्ञा अनोळखी ठरते.

एक कोडे शेवटपर्यंत पुरले. 'कऱ्हाडे' या आडनावाची फाइल समोर दिसत असूनही यादीला सापडेना. हे नाव यादीत हाताने टंकले होते. मराठीतला हा अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: खाली नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन, किंवा साधा 'र' व हलन्त यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला दोन निराळी नावे. फाइलीचे नाव एका कळफलकावर टंकले गेले होते, यादीतले दुसऱ्यावर. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बिऱ्हाडे अशी सगळीच मंडळी या फेऱ्यात सापडतील. नावे पुन्हा टंकण्याऐवजी फाइलीवरूनच उचलून यादीत चिकटवावीत. किंवा, आम्ही आता करतो तसे, अर्जाचा क्रमांक नावाच्या आरंभी घालून जुळणी क्रमांकावरून करावी.

यंदाच्या अर्जांना जूनपासून आरंभ होईल. ई-मेलने अर्ज पाठविणाऱ्यांनी फाइलीचे नाव मराठी, उर्दू, तेलुगू, कोणत्याही लिपीत खुशाल द्यावे. मोकळी जागा, स्वल्पविराम सर्व चालेल. फक्त उद्गारचिन्ह व टक्क्याची खूण नावात घालू नये. यादीच्या काही आज्ञांत ती दोन चिन्हे अजून गिळली जातात आणि त्यावरचा आमचा तोडगा पुरा झालेला नाही. कारकुनाच्या मेजावर आता नोंदवहीची छापील प्रत रोज संध्याकाळी ठेवलेली असते. अर्ज दिल्यावर दुसऱ्या दिवशी तीत आपले नाव पाहून घ्यावे.